शिकणाऱ्या मुलांची नोकरी : ओळख वेगळी आणि वशिला वेगळा

(शेतकी विभाग : ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आपण नेहमी लागण, बेणे, खताचा हप्ता, खोडवा यांविषयी बोलतो. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. बदनापूर गटात उसाची नोंद घ्यायला गेले की नोंदीचे काम पाच मिनिटांत उरकते, आणि चहा येईपर्यंत सभासद हळूच दुसरे बोलणे काढतात. "साहेब, थोरलं लेकरू बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली, घरीच हाय. कुठं बघा की." दुसरे म्हणतात, "तेवढं चेअरमनसाहेबांच्या कानावर घाला." आणि एखादे गृहस्थ आवाज खाली आणून विचारतात, "किती द्यावं लागतंय?" या तिसऱ्या प्रश्नाने छातीत धस्स होते. कारण हे विचारणारा माणूस बहुधा मनातल्या मनात एखादा एकर काढून बसलेला असतो.

प्रथम आपल्या कारखान्याविषयी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. शेअर घेतल्याने उसाचा आणि मताचा हक्क येतो, नोकरीचा येत नाही. कायम कामगार निवृत्त होतो तेव्हा एक जागा मोकळी होते आणि तीही दरवेळी भरली जातेच असे नाही. हंगामी जागा गाळपापुरत्या. सभासदांची घरे हजारोंनी आणि जागा बोटांवर मोजण्याइतक्या, हा हिशेब कोणत्याही संचालक मंडळाला जुळवता येणार नाही. तेव्हा लेकराने कारखान्याच्या गेटकडे तोंड करून बसू नये. बाहेर बघावे. पण बाहेर बघायचे म्हणजे काय करायचे, हे कॉलेजात फारसे कोणी शिकवीत नाही, आणि घरी तर आपणच पहिल्यांदा पोराला पदवीपर्यंत पोचविलेले. म्हणून हा पाठ.

काम कसे मिळते हे पाहण्यासाठी लांब जायला नको. आपल्या तोडणीच्या टोळीकडे पाहा. मुकादम काही पेपरात जाहिरात देत नाही. त्याला आठ कोयते कमी पडले तर तो एका वाडीतल्या एका माणसाला सांगतो, तो आपल्या मेव्हण्याला, मेव्हणा बाजारात भेटलेल्या कुणाला. चार दिवसांत आठ जोड्या उभ्या राहतात. कामाची बातमी माणसांतून चालते, कागदातून नंतर. शिकलेल्यांच्या नोकऱ्यांचेही बरेचसे असेच आहे, फक्त ते कोणी उघड बोलत नाही. कारखानदाराला माणूस पाहिजे असला म्हणजे तो आधी आपल्या हाताखालच्यांना विचारतो, "कोणी चांगला पोरगा आहे का ओळखीत?" जाहिरात निघते ती पुष्कळदा त्यानंतर.

याचा अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. त्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ जणांना विचारले की ही नोकरी तुम्हाला कशी कळली. १९७३ साली त्यांचा लेख आणि १९७४ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. शंभरांत ५६ जणांना नोकरी ओळखीच्या माणसाकडून लागली होती. इथपर्यंत नवल नाही, आपणही तेच म्हटले असते. नवल पुढे आहे. ज्यांना ओळखीतून काम मिळाले त्यांना विचारले, बाबा, तो ओळखीचा माणूस तुला कितीदा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा भेटणाऱ्याकडून काम मिळाले असे सांगणारे शंभरांत सतराच निघाले. बाकीच्यांना बातमी दिली ती अधूनमधून किंवा वर्षा-दोन वर्षांत एखादवेळी भेटणाऱ्या माणसाने. म्हणजे जुना सहकारी, एकदा भेटलेला कुणी, मित्राचा मित्र. सख्खा भाऊ नव्हे आणि जिवलग दोस्तही नव्हे.

का बरे असे? उत्तर आपल्या पारावरच आहे. पारावर रोज बसणारे दहाजण. एकाला जी बातमी माहीत ती दहांनाही माहीत. तिथे कितीही वेळ बसले तरी नवे काही कानावर येत नाही. आणि एखाद्या दिवशी ट्रॅक्टरचा पार्ट आणायला जालन्याला गेलेला माणूस परत येतो आणि तीन नव्या गोष्टी सांगतो. घरच्या माणसाला आपल्याविषयी माया जास्त असते, पण त्याच्या कानाची पोच आपल्याइतकीच. दूरच्या ओळखीच्या माणसाला माया बेताची, पण तो दुसऱ्या पारावर बसतो.

अलीकडे यावर फार मोठा अभ्यास झाला. लिंक्डइन म्हणून नोकरी-व्यवसायाचे जे संकेतस्थळ आहे, त्यावरच्या २ कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती तपासून २०२२ साली निष्कर्ष छापले गेले. त्यात पुन्हा हेच दिसले, मात्र एक बारीक दुरुस्ती निघाली. अगदीच परका, ज्याच्याशी आपले काहीच सामाईक नाही, त्याचा उपयोग तितका होत नाही. सर्वांत उपयोगी पडतो तो मधला. चार-दोन माणसे दोघांच्या ओळखीची आहेत, नाव सांगितले तर "हो हो, आठवले" म्हणेल, असा. पोरांनी फोनवर पाच हजार अनोळखी लोक 'मित्र' म्हणून जमवले असतील तर त्यांचा नोकरीशी फार संबंध नाही, एवढे यावरून समजावे.

आता आपल्याच राज्यातले एक उदाहरण सांगतो. ते मला अमेरिकेपेक्षा महत्त्वाचे वाटते. मुंबईच्या गिरणगावात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचा माणूस कसा गेला? गावच्या माणसाच्या ओळखीने. एका गावाची किंवा तालुक्याची मंडळी एका खोलीत राहायची, एका खाणावळीत जेवायची, आणि नवा पोरगा आला की खोलीतलाच कोणी त्याला आपल्या खात्यातल्या जॉबरपुढे उभा करायचा. पोरगा आधी बदली म्हणून गेटवर उभा राहायचा, मग कायम व्हायचा. या व्यवस्थेने किती कुटुंबे जगवली याला गणती नाही. पण तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली, जॉबर काम देण्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. इंग्रज सरकारने नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या लाचेवर बोट ठेवले आहे. म्हणजे तेव्हाही ओळखीचा वशिला झाला होता आणि वशिल्याला भाव लागला होता. दुसरी उणीव जास्त खोल. त्या माणसाच्या सगळ्या ओळखी एकाच धंद्यात होत्या. खोलीतले गिरणीत, खाणावळीतले गिरणीत, सासुरवाडीचे गिरणीत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, तेव्हा सगळ्या ओळखी एकदम आटल्या. विचारायचे कुणाला? जो तो स्वतःच विचारत फिरत होता. एकाच पाझरावर चार विहिरी खणल्यासारखे झाले.

आपल्या घरांची गत आज काहीशी तशी आहे. आपले सोयरे शेतकरी, मित्र शेतकरी, आणि नोकरीचा विषय निघाला की नजर एक तर कारखान्याकडे नाहीतर पुण्यातल्या अभ्यासिकेकडे. स्पर्धा परीक्षेची तयारी जरूर करावी, त्याला माझा विरोध नाही. सरकारी जागा परीक्षेनेच मिळावी हे बरोबरही आहे, तिथे ओळखीचे काम नाही. परंतु किती वर्षे द्यायची हे बापाने आणि लेकराने बसून आधी ठरवावे आणि ते पाळावे. नाहीतर तिसाव्या वर्षी परत आलेल्या पोराला ओळखणारे कोणी उरत नाही. बरोबरीचे पुढे गेलेले असतात आणि प्राध्यापकांची बदली झालेली असते.

आता ओळख आणि वशिला यांतला फरक. वशिला म्हणजे "याला घ्या" म्हणून सांगणारा माणूस. ओळख म्हणजे "तिथे जागा निघते आहे, अमक्या तारखेला जा, ते लोक अमुक विचारतात" असे सांगणारा माणूस. वशिल्याने घेतलेल्याची लायकी कोणी पाहत नाही, म्हणून त्याला आत किंमतही नसते. वशिलेवाला साहेब बदलला की पोराच्या पायाखालची माती गेली. ओळखीने फक्त दार कळते, आत स्वतःच्या पायाने जायचे असते. वशिल्यासाठी मोठा माणूस लागतो, ओळखीला तसे काही नाही. माहिती देणारा हा बहुधा साधा नोकरदार असतो, सुपरवायझर, प्रयोगशाळेतला माणूस, गोडाऊन सांभाळणारा. आमदार-खासदारांकडे पत्रे घेऊन हेलपाटे घालणाऱ्या बापाला हा साधा माणूस दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

तो दिसावा म्हणून थोडे नावानिशी सांगतो. बदनापुरातच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे आणि कडधान्याचे संशोधन केंद्र आहे. बी.डी.एन. ७११ तूर आपल्यापैकी अनेकांनी पेरली, ती इथलीच. ज्याने बियाण्यासाठी किंवा मर रोगाविषयी विचारायला केंद्रावर चार चकरा मारल्या, त्याची तिथल्या माणसांशी ओळख झालेलीच आहे. ती फक्त तुरीपुरती वापरली गेली. कृषी महाविद्यालयाची मुले शेवटच्या वर्षी 'रावे'साठी गावात येतात, आपल्या बांधावर येऊन माती तपासणी, बीजप्रक्रिया दाखवतात. आपण त्यांच्याकडे पोरखेळ म्हणून पाहतो. अहो, दोन वर्षांनी त्यांतला एकजण बँकेत शेतीकर्ज पाहतो, एक बियाणे कंपनीत असतो, एक ठिबकवाल्याकडे. त्यांचे नंबर आपल्या लेकराच्या वहीत असायला पाहिजेत.

जालना आपल्यापासून वीसेक किलोमीटर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे महिको काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या पाठोपाठ जालना बियाण्यांचे गाव झाले. आपल्याकडे ज्यांच्या शेतात सीड प्लॉट असतो त्यांच्या बांधावर कंपनीचा माणूस हंगामात कितीतरी वेळा येतो. भेसळ झाडे काढली का, विलगीकरणाचे अंतर राखले का, हे बघतो. त्याच्याशी आपण दराचे आणि नापास झालेल्या बियाण्याचेच बोलतो. "तुमच्याकडे पोरं कधी घेतात हो, कोणतं शिक्षण लागतं?" हे कधी विचारले आहे का? जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळईचे कारखाने आहेत. तिथे फक्त अंगमेहनतीची कामे असतात असा समज आहे, पण धातू तपासणारा केमिस्टही तिथे लागतो, वीजतंत्री लागतो, जी.एस.टी.चे कागद सांभाळणारा बी.कॉम. लागतो. दुसऱ्या बाजूला शेंद्रा, चिकलठाणा आणि पुढे वाळूज. आपण मधे बसलो आहोत, आणि दोन्हीकडे रोज जाणारी माणसे बदनापूरच्या स्टेशनवर आणि स्टँडवर उभी असतात.

साखरधंद्यात यायची ज्याची इच्छा आहे त्यानेही वाट जरा रुंद ठेवावी. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ साली ऊसवाल्यांनीच उभारलेली ही संस्था आहे. तिथे साखर तंत्र, मद्यार्क तंत्र यांचे अभ्यासक्रम चालतात. तिथून शिकलेल्याला एकाच कारखान्याचे नाही, राज्यातल्या आणि परराज्यातल्या कारखान्यांचे दार असते. आपल्यापैकी जे 'ज्ञानयाग' प्रशिक्षणाला मांजरीला जाऊन आले त्यांनी तिथल्या तज्ज्ञांची आणि भेटलेल्या शेतकऱ्यांची नावे आठवून पाहावीत. आय.टी.आय. झालेल्या मुलांनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या जागांकडे दुर्लक्ष करू नये. विद्यावेतन थोडे असते, पण वर्षभर आत राहिल्याने तिथल्या फोरमनला पोरगा कसा आहे हे कळते, आणि फोरमनची ओळख ही कागदावरच्या दहा शिफारशींना भारी. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली तेव्हा बारावी झालेल्यास दरमहा ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार ठरले होते. ज्यांनी त्यात नुसती सही करून पैसे घेतले त्यांना पैसेच मिळाले. ज्यांनी काम केले त्यांना माणसेही मिळाली.

आता विचारायचे कसे? इथे आपली मुले अडखळतात. फोन लावून एकदम "सर, जॉब आहे का?" म्हणतात. समोरचा "नाही" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. बिचाऱ्याच्या हातात जॉब नसतोच. त्याच्या हातात असते ती माहिती. म्हणून माहिती मागावी. मी मुलांना असे बोलायला सांगतो :

"नमस्कार सर. मी बदनापूरजवळून बोलतोय, कृषी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वडिलांच्या सीड प्लॉटवर तुम्ही मागच्या वर्षी येत होता. मला तुमच्या कामाची माहिती घ्यायची होती. पंधरा मिनिटं, तुम्हाला सवड असेल तेव्हा, जालन्याला येऊन भेटलो तर चालेल का?"

नाव-गाव, कुठली ओळख, काय पाहिजे, किती वेळ. एवढेच. नाही म्हणणारा विरळा. भेटल्यावर चार प्रश्न पुरेत : तुम्ही या कामात कसे आलात, नवा माणूस घेताना काय बघतात, जागा साधारण कोणत्या महिन्यात निघतात, आणि मी आणखी कोणाला भेटू? शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण एका भेटीतून दोन नावे निघतात आणि ती दोन नावे दुसऱ्या पारावरची असतात. परत आल्यावर संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा निरोप धाडावा. सहा महिन्यांनी निकाल लागला की तोही कळवावा. काम असले की फोन आणि नसले की गायब, असा पोरगा कुणालाच आवडत नाही. आपल्यालाही उसाची तोड लांबली की मगच आठवण काढणारे पाहुणे माहीत आहेतच.

बायोडाटा एक पानाचा ठेवावा. "वडिलांचा व्यवसाय शेती" एवढे लिहून थांबू नये. ठिबकचे व्हेंचुरी, फिल्टर स्वतः सांभाळत असेल, ऊती संवर्धित रोपांची नांगी भरली असेल, बापाचे सोसायटीचे हिशेब लिहीत असेल, तर ते लिहावे. हे काम शहरातल्या मुलाला येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या भरतीच्या जाहिराती मूळ संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय पुढे धाडू नयेत. शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर नाव नोंदवावे, रोजगार मेळाव्याला जावे, आणि तिथे नुसता अर्ज टाकून न येता टेबलामागच्या माणसाशी बोलून यावे.

मुलींविषयी वेगळे लिहिले पाहिजे. आपल्या गावात मुलगी पारावर बसत नाही, चहाच्या टपरीवर थांबत नाही, बापाबरोबर बाजारात फारशी जात नाही. म्हणजे ज्या ठिकाणी दूरच्या ओळखी होतात ती सगळी ठिकाणे तिला बंद. आणि मग आपणच म्हणतो, मुलगा-मुलगी समान शिकवले, पण तिला काही मिळाले नाही. मिळणार कसे? तिच्या वाट्याची ओळख बापाने आणि भावाने करून द्यायची आहे. जालन्याला भेटायला जायचे तर बापाने बरोबर जावे, बाहेर बाकावर बसावे, आत तिला बोलू द्यावे. सीड प्लॉटवर कपाशीचे, भाजीपाल्याचे संकर करणारे नाजूक हात बहुतेक बायकांचेच असतात हे आपण रोज पाहतो. त्याच कामाच्या प्रयोगशाळेत शिकलेली मुलगी का नसावी? तिच्या कॉलेजच्या बाई, बचत गटाला कर्ज देणाऱ्या बँकेतल्या बाई, थोरलीच्या सासरची नोकरी करणारी नणंद, या सगळ्या कामाच्या ओळखी आहेत. बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेल्या मुलीचे लग्न "नोकरी लागेना म्हणून" ठरलेले मी याच गटात पाहिले आहे, आणि त्या घराने एकाही माणसाला काही विचारलेले नव्हते.

वेळेचे म्हणाल तर आडसाली लागणीचा हिशेब धरा. आज लावले तर सोळा-अठरा महिन्यांनी तोड. पदवीचा निकाल लागल्यावर ओळखी काढायला बसणे म्हणजे पट्टा पडायच्या वेळी बेणे शोधणे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून महिन्याला एक माणूस भेटला तरी पदवी हातात येईपर्यंत वीसेक नावे वहीत होतात. बियाण्याच्या कंपन्यांत खरिपाच्या आधी धावपळ असते, साखर कारखान्यात गाळपाच्या आधी. त्यांच्या कामाचा महिना पाहून त्याआधी भेटावे, ऐन घाईत जाऊ नये.

राहिला पैशाचा प्रश्न. जो नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागतो, त्याच्या हातात बहुधा नोकरी नसते. आधी "अर्धे आता, अर्धे ऑर्डर आल्यावर" असे बोलणे होते. मग ऑर्डर येते, तिच्यावर शिक्काही असतो, आणि मुलगा हजर व्हायला गेला की कळते की असे पदच नाही. पैसे रोखीने दिलेले, पावती नाही, आणि देणाराही कायद्याने अडचणीत, म्हणून पोलिसांत जायची चोरी. आपल्या भागातल्या एका घराची यात पाणी लागलेली दीड एकर गेली. गाव-नाव सांगत नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. खरी कंपनी कामावर घेताना उमेदवाराकडून पैसे मागत नाही. मेडिकल, गणवेश, ट्रेनिंग अशा नावाने आधी पैसे भरायला सांगितले तर तिथेच उठून यावे.

बदनापूर गट कार्यालयात आम्ही एक वही ठेवत आहोत. ज्या सभासदांची मुले, भाऊ, जावई, सुना बाहेर कुठे नोकरीला आहेत आणि शिकणाऱ्या मुलांशी पंधरा मिनिटे बोलायला तयार आहेत, त्यांनी आपले नाव, कामाचे ठिकाण, फोन आणि कोणत्या वेळी फोन केला तर चालेल हे त्यांना विचारून वहीत लिहवावे. "नोकरी लावून देतो" असे कोणी लिहवू नये, ते खोडले जाईल. तिसऱ्या वर्षातल्या मुलामुलींनी येऊन वही पाहावी, नावे उतरून घ्यावीत. गाळप चालू असताना सकाळी आम्ही फडावर असतो, तेव्हा दुपारी चारनंतर यावे, आणि येताना कोरा कागद व पेन बरोबर आणावे.